लॅपटॉप त्यांचा, रिपोर्ट तुमचा

(पत्र थोडं कमी करून, ओळख पटेल असे तपशील वगळून देत आहे.)

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची आहे. नागपुरातच वाढले, लग्नानंतर मनीषनगरला राहते. मिहानमधल्या एका कंपनीत परदेशी क्लायंटच्या बिलिंगचं काम करते. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. दीड वर्षापासून रामदासपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट सुरू आहे. आम्ही दोघं आणि माझी आई सोडून हे कोणालाच माहीत नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर असते म्हणून क्लिनिकला ऑफिसचाच मेल दिला होता. रिपोर्ट तिथेच यायचे, ऑफिसच्या प्रिंटरवर काढून घ्यायची. अपॉइंटमेंट ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकायची. शनिवारी क्लिनिकमध्ये थांबावं लागतं, तेव्हा लॅपटॉप सोबतच असतो.

मागच्या महिन्यात नव्या प्रोजेक्टची लीड मला मिळणार हे जवळपास ठरलं होतं. मॅनेजर सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "पुढचे सहा-आठ महिने तुझे धावपळीचेच जाणार नं, मग आता हे टेन्शन कशाला घेतेस?" मला काही सुचेना. मी ऑफिसात एका शब्दानेही कोणाला बोलले नव्हते. त्याच आठवड्यात टीम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काल दुपारी घरून काम करताना १४ मिनिटं स्क्रीन हललीच नाही. काय करून राहिली होतीस?" मी इंजेक्शन घेत होते, ताई.

नवरा म्हणतो, ऑफिसचा लॅपटॉप आहे, ते पाहणारच नं, तू कामून तिथे रिपोर्ट मागवले? आयटी टीममधला एक मित्र म्हणतो, सरांचा मेल उघडून पाहतो, काय ते कळेल. मला वाटतं सगळे मेल उडवावे, लॅपटॉप फॉरमॅट करावा आणि राजीनामा देऊन मोकळं व्हावं. कायद्याने त्यांना हे करता येतं का? मी काय करू?

नमस्कार.

आधी तातडीचं. तुमच्या त्या मित्राला आजच्या आज नाही म्हणा. ऑफिसच्या चॅटवर लिहू नका, समोर भेटून सांगा. त्याचा हेतू चांगला असेल. पण सर्व्हरची चावी हातात आहे म्हणून कोणाचंही कपाट उघडायची मुभा त्याला मिळालेली नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मेलमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची नोकरी तर जाईलच, पण तुमची तक्रार आज स्वच्छ आहे, तीही नासेल. उद्या चौकशी बसली तर तुमचा रिपोर्ट कोणी वाचला हे कोणी विचारणार नाही. साहेबांचा मेल कोणाच्या सांगण्यावरून उघडला, एवढंच विचारतील.

फॉरमॅट करायचा विचारही सोडा. लॅपटॉप कंपनीचा आहे आणि त्यावरची माहिती न विचारता पुसणं हेही त्याच कलमात बसतं. शिवाय मेल उडवल्याने उडत नाही. तुम्ही डिलीट केला, ट्रॅशही रिकामं केलं, तरी मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस मेलमध्ये तो सर्व्हरवर साधारण १४ दिवस राहतो, ॲडमिनने, म्हणजे मेल यंत्रणा सांभाळणाऱ्याने, ठरवलं तर ३० दिवस. कंपनीने जतनाचा नियम लावलेला असेल तर वर्षानुवर्षं राहतो. तो तुम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतो. आणि अमुक तारखेला हिने घाईघाईने शंभर मेल काढले, एवढी नोंद मात्र तुमच्या नावावर चढते.

राजीनाम्याचं शेवटी बोलू.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. या सदराआधी १९ वर्षं मी नागपुरातल्या वेगवेगळ्या ऑफिसांत मेल सर्व्हर सांभाळले. तुमचं पत्र वाचताना मला सुरुवातीच्या वर्षांतली एक संध्याकाळ आठवली. ती मी आजवर लिहिलेली नाही, तुमच्यासाठी लिहिते.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "अकाउंट्सच्या त्या पोराचे मेल दाखव, तो आपले गिऱ्हाईक फोडून राहिला." मी खुर्ची ओढली, बसले आणि अर्ध्या मिनिटात त्याचा पूर्ण मेल मालकांच्या स्क्रीनवर उघडून दिला. त्याचा पासवर्ड लागला नाही, त्याला काही कळलंही नाही. ॲडमिनला फक्त एका खात्याला दुसऱ्या खात्याची परवानगी जोडायची असते. गिऱ्हाईक फोडल्याचं काहीच निघालं नाही. निघालं ते त्याने वर्ध्याच्या भावाला लिहिलेलं: बाबांच्या ऑपरेशनला साठ हजार कमी पडताहेत, इथे ॲडव्हान्स मागावा वाटतो, पण मग मी यांच्यापुढे दबून जाईन. मालकांनी ते सावकाश वाचलं. मी बाजूला उभी होते, माझंही वाचून झालं. दिवाळीनंतर पगारवाढ झाली तेव्हा त्याला सगळ्यांत कमी मिळाली. मालक मला म्हणाले, "तो कुठे जातो आता."

मी त्या मुलाला कधीच काही सांगितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर जिथे गेले तिथे रुजू होतानाच अट घातली, की कोणाचा मेल उघडायचा असेल तर लेखी आदेश, त्यात कारण आणि दोन जणांच्या सह्या. दोन ठिकाणी मालक रागावले. पण सही करायची म्हटल्यावर दहापैकी आठ वेळा मेल उघडायची गरजच उरली नाही.

तुमच्या मॅनेजरांनी केलं ते याच जातीचं आहे. नजर ठेवायला काहीएक कारण असू शकतं: क्लायंटचा डेटा बाहेर जाऊ नये, बिलांत गडबड होऊ नये. पण त्या नजरेत सापडलेला तुमच्या शरीराचा तपशील लीड कोणाला द्यायची हे ठरवायला वापरला, तिथे सगळं बिघडलं. तुमचे यजमान पहिल्या अर्ध्याबद्दल बोलतात आणि तेवढ्यात ते बरोबर आहेत. दुसरा अर्धा त्यांच्या ध्यानात आलेला नाही. त्यांना एवढं विचारा, की ऑफिसने दिलेल्या टेबलाच्या खणात तुमची औषधाची चिठ्ठी राहिली आणि साहेबांनी ती काढून वाचून तुमचं प्रमोशन थांबवलं, तर टेबल त्यांचं होतं म्हणून गप्प बसाल का?

आता कायदा. जसा आहे तसाच सांगते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा हा निकाल. त्या नवांपैकी एक आपल्या नागपूरचे शरद बोबडे, इथल्याच खंडपीठात वकिली करून पुढे सरन्यायाधीश झाले. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. खासगी कंपनीविरुद्ध तो थेट घेऊन उच्च न्यायालयात जाणं सोपं नाही. कोणी सोपं आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

कंपनीला लागू होतो तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचा कलम ४३क आणि त्याखालचे २०११ चे नियम. आजारपण, शारीरिक-मानसिक स्थिती, वैद्यकीय नोंदी, पासवर्ड, बँकेचे तपशील, बायोमेट्रिक ही त्यात ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ मानलेली आहे. ती लेखी संमतीने घ्यायची आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. तुमचा रिपोर्ट यात बसतो. कंपनीचा वकील म्हणेल, आम्ही तो मागितलाच नव्हता, तिनेच आमच्या मेलवर मागवला. या म्हणण्यात थोडा दम आहे. तरी न मागितलेला कागद हाती लागला म्हणून तो वापरायचा हक्क कुठून आला, याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल. याच नियमांत आणखी एक फार उपयोगाची गोष्ट आहे. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो आणि आलेल्या तक्रारीचा एका महिन्यात निकाल लावायचा असतो. बहुतेक कर्मचाऱ्यांना असा माणूस आपल्या कंपनीत आहे हे ठाऊकच नसतं.

नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवर खरी बंधनं घालणारी कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मध्याला लागू होतील. त्याच्या कलम ७ मध्ये मालकांना मोठी सूट आहे. नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, जसं व्यवसायातली गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवायही माहिती वापरता येते. ही सूट मला जास्तच सैल वाटते. तरी तुमच्या ट्रीटमेंटमध्ये कंपनीचं कोणतं गुपित दडलं होतं, हे कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कामाच्या लॅपटॉपवर आणि मेलवर नजर ठेवायला भारतात आज सरसकट बंदी नाही. रुजू होताना सही केलेल्या कागदांत बहुधा त्याची परवानगीही तुम्ही दिलेली असेल. तो कागद शोधा. पण त्या परवानगीला हद्द असते, आणि हद्द कशी मोजायची याचा एक चांगला नमुना परदेशात सापडतो.

रुमानियातला बोगदान बर्बुलेस्कू हा विक्री सांभाळणारा इंजिनिअर. कंपनीच्या सांगण्यावरून त्याने ग्राहकांशी बोलायला याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. २००७ मध्ये कंपनीने त्याच्या गप्पांचे ४५ पानांचे उतारे समोर ठेवले. त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेलं बोलणं होतं, त्याच्या तब्येतीचंही. त्याची नोकरी गेली. तिथली न्यायालयं आणि आधी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचं छोटं पीठ कंपनीच्या बाजूने गेलं. तो थांबला नाही. ५ सप्टेंबर २०१७ ला मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे आपल्या पुट्टस्वामी निकालानंतर बाराच दिवसांनी. न्यायालयाने नजर ठेवायलाच बंदी घातली नाही. त्यांनी विचारलं, आधी सांगितलं होतं का? किती खोल पाहणार हे सांगितलं होतं का? मजकूर वाचण्यामागे ठोस कारण होतं का? कमी खोलात जाऊन काम भागलं नसतं का? हा निकाल नागपुरात बंधनकारक नाही. पण तुमच्या एचआरला विचारायचे प्रश्न यातच तयार मिळतात.

मात्र एचआरकडे जाण्याआधी एक गोष्ट नीट पाहा. मॅनेजरांनी तुमचा मेल वाचला असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. पण इतकी वर्षं हेच पाहिलं म्हणून सांगते, ही बातमी चार वाटांनी बाहेर पडू शकते. ऑफिसच्या प्रिंटरची यादी उघडली की कोणी, किती वाजता, कुठल्या नावाची फाइल छापली ते दिसतं. क्लिनिकच्या फाइलचं नाव तुम्ही बदललं होतं का? की ती जशी आली तशी, क्लिनिकचं नाव आणि तपासणीचं नाव मिरवत, ट्रेच्या रांगेत उभी राहिली? कागद ट्रेमध्ये पाच मिनिटं तरी पडून राहिलाच असेल. अनेक कंपन्यांत कॅलेंडर सगळ्या टीमला तपशिलासकट दिसतं, मॅनेजरला तर दिसतंच. तुम्ही तिथे क्लिनिकचं नाव लिहिलं असेल तर बाकी शोधायला गुगल पुरेसं आहे. तिसरी वाट म्हणजे १४ मिनिटांचा हिशेब ठेवणारं ते सॉफ्टवेअर. अशी बरीच सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढतात. रिपोर्ट उघडा असताना फोटो पडला तर तो मॅनेजरच्या डॅशबोर्डवर छोट्या चौकोनात जाऊन बसतो. मेल प्रत्यक्ष उघडणं ही चौथी वाट. म्हणून तक्रारीत ‘सरांनी माझा मेल वाचला’ असं लिहू नका. खोटं निघालं तर तुमचीच बाजू पडेल. ‘माझी वैद्यकीय माहिती माझ्या मॅनेजरपर्यंत कशी पोहोचली’ असं लिहा. उत्तर द्यायची जबाबदारी मग त्यांच्याकडे जाते, आणि कुठल्या खात्याने कोणाचा मेल उघडला याची नोंद मोठ्या मेल यंत्रणांत ठेवता येते. ती तुमच्या मित्राने चोरून काढली तर गुन्हा, चौकशीत अधिकृतपणे काढली तर पुरावा.

मजकूर साधारण असा असू द्या. इंग्रजीत पाठवावा लागला तरी गाभा हाच ठेवा:

"अमुक तारखेला माझ्या मॅनेजरांशी झालेल्या बोलण्यातून माझ्या आरोग्याविषयीची खासगी माहिती त्यांच्याकडे असल्याचं मला कळलं. ही माहिती मी कंपनीत कोणालाही दिलेली नाही. ती कोणत्या मार्गाने, कोणाच्या परवानगीने पाहिली गेली आणि आणखी कोणाकडे आहे, हे मला लेखी कळवावं. माझ्या मेल खात्याच्या आणि स्क्रीन नोंदींच्या वापराचा तपशील जतन करावा. नव्या प्रोजेक्टच्या जबाबदारीबाबतचा निर्णय या माहितीच्या आधारे झाला का, तेही कळवावं. नजर ठेवण्याबाबतचं कंपनीचं धोरण आणि मी सही केलेली त्याची प्रत मिळावी."

रडगाणं नको, आरोप नको, ट्रीटमेंटचं नावही नको. हा मेल एचआरला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकत्र पाठवा, मॅनेजरांना पाठवू नका. ‘नोंदी जतन करा’ हे वाक्य काही झालं तरी गाळू नका. लेखी मागणी आल्यावर नोंदी पुसल्या गेल्या तर ज्याने त्या पुसल्या त्यालाच उत्तर द्यावं लागतं. पाठवण्यापूर्वी त्या दोन प्रसंगांची तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि नेमके शब्द एका वहीत पेनाने लिहून ठेवा. आठवण दर आठवड्याला थोडी थोडी बदलते.

हे सगळं करताना ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यावर स्वतःचं जीमेल उघडूनही नाही. न्यू जर्सीत मरिना स्टेनगार्ट या बाईंनी असंच केलं होतं. लॅपटॉप कंपनीचा, पण मेल स्वतःचा याहूचा, आणि त्यावरून वकिलाशी पत्रव्यवहार. ब्राउझरने वाचलेल्या पानांच्या प्रती लॅपटॉपवर आपोआप साठवल्या होत्या, कंपनीने त्या उकरून काढल्या. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बाईंची बाजू घेतली, पण त्यासाठी शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागलं. ‘इनकॉग्निटो’ उघडून काही होत नाही. ते फक्त त्या ब्राउझरमधली यादी ठेवत नाही, स्क्रीनचा फोटो आणि ऑफिसचं नेटवर्क दोन्ही जागेवरच असतात. क्रोममधले उजवीकडचे तीन ठिपके उघडा. यादीच्या तळाशी तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते अशा अर्थाची ओळ असेल तर तो ब्राउझर त्यांच्या नियमांवर चालतो. बँकेची साइट उघडून तिचं सर्टिफिकेट, म्हणजे ती साइट खरी असल्याचा दाखला, कोणी दिलं तेही पाहा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉलचं (नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचं) नाव आलं, तर साइट सुरक्षित दिसत असूनही मधल्या वाटेत पाकीट उघडून परत बंद केलं जात आहे.

आता घर आवरायचं काम, एका रविवारी होऊन जाईल. स्वतःचा फोन घ्या, ऑफिसचं वायफाय बंद, आपला डेटा. क्लिनिकला फोन करून मेल बदला आणि जुने सगळे रिपोर्ट नव्या मेलवर परत मागवा. ऑफिसमधून ते फॉरवर्ड करत बसू नका. बाहेरच्या पत्त्यावर जाणाऱ्या फायलींवर अनेक कंपन्यांत आपोआप सूचना वाजते, आणि चुकून एखादं क्लायंटचं बिल सोबत गेलं तर हाती आयतं कोलीत मिळेल. फोनवरच्या गुगल खात्यात ‘तुमची डिव्हाइसेस’ उघडा, ऑफिसचा लॅपटॉप तिथून बाहेर काढा, मग पासवर्ड बदला. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’मधूनही काढा. व्हॉट्सॲपचा निरोप वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरं, पण तुमच्या स्क्रीनवर तो उघडाच असतो आणि फोटो स्क्रीनचा निघतो. क्रोमने साठवलेले पासवर्डही तपासा. बँक, आयकर, पीएफ, विमा यांपैकी कुठे ऑफिसचा मेल दिलेला असेल तर आत्ताच बदला. नोकरी सोडली की तो मेल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी बंद होतो आणि माणसं महिनोन्महिने स्वतःच्याच पैशांसाठी फेऱ्या मारत बसतात. फोनवर ऑफिसचं ॲप असेल तर अँड्रॉइडमध्ये कामाची ॲप वेगळ्या भागात, छोट्या ब्रीफकेसच्या खुणेसह दिसतात का बघा. तशी दिसली तर कंपनीचा हात साधारण तेवढ्याच भागापुरता असतो. तशी नसतील आणि ॲपने पूर्ण फोनचा ताबा मागितला असेल, तर ते काढा आणि कामासाठी वेगळा फोन मागा.

कॅलेंडरवर इथून पुढे फक्त ‘वैयक्तिक’ असं लिहा. त्यात खोटं काहीच नाही.

त्या १४ मिनिटांबद्दल. तुम्ही लिहिलं आहे, "मी इंजेक्शन घेत होते, ताई." त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. पोटात सुई टोचून घेताना किती मिनिटं लागली याचा हिशेब कोणाला द्यावा लागू नये. असं सॉफ्टवेअर माऊस हलला की नाही, कळ दाबली की नाही, एवढंच मोजतं. बिलावरच्या आकड्यांवर डोकं खुपसून बसलेला माणूस आणि झोपलेला माणूस त्याला सारखेच. मीटिंगमध्ये पुन्हा कोणी विचारलं तर एकच वाक्य सांगा: "त्या दिवशीचं काम वेळेत पूर्ण आहे, कमी असेल तर दाखवा." त्याहून एक शब्द जास्त नको. कोणी माऊस आपोआप हलवणारं यंत्र सुचवलं तर मुळीच घेऊ नका. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून जास्त लोकांना असंच खोटं काम दाखवल्यावरून काढलं. आज चूक त्यांची आहे, ती आपल्या अंगावर कशाला घ्यायची?

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर वकील गाठा. पैशांची काळजी असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. पगार चांगला आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही असं समजून नोकरी करणाऱ्या बाया तिथे जातच नाहीत. तुम्ही जा. सहीचा कागद, तक्रारीची प्रत आणि ती वही सोबत न्या.

आणि राजीनामा. मला वाटतं, आत्ता देऊ नये. कंपनी चांगली आहे की वाईट हा मुद्दाच नाही. ट्रीटमेंट अर्ध्यावर आहे, खर्च चालू आहे, विमा असेल तर तोही नोकरीला बांधलेला असेल, आणि तुम्ही गेलात की तुमच्या तक्रारीला उत्तर द्यायची घाई कोणालाच उरणार नाही. उत्तर हातात येऊ द्या. ते वाचून इथे राहवेल असं वाटलं तर राहा, नाही वाटलं तर दुसरी नोकरी हातात घेऊन जा. तेव्हा तो निर्णय तुमचा असेल. आज दिलात तर तो त्या केबिनमधल्या एका वाक्याने घेतलेला असेल. मात्र शरीर थकलं असेल, रात्री झोप लागत नसेल, तर माझा हिशेब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारून सुट्टी घ्या. लीड पुन्हा मिळते.

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचायला द्या. ते रागावून बोलले असतील, पण मला वाटतं ते घाबरले आहेत. तक्रारीचा मजकूर त्यांच्यासोबत बसून लिहा, म्हणजे यात तुम्ही एकट्या नाही हे दोघांनाही कळेल.

येत्या शनिवारी रामदासपेठेत जाताना लॅपटॉप घरीच कपाटात ठेवा. आईला सोबत घ्या, वेटिंगमध्ये तिच्याशी बोलत बसा. आणि एचआरचं जे काही उत्तर येईल, ते मला नव्या मेलवरून कळवा.